मेतेल, स्टारशा, युकी : चेहरा एकच का?

प्रश्न : ‘गॅलक्सी एक्स्प्रेस ९९९’ हा सिनेमा पाहिला आणि त्यातली मेतेल मनात घर करून बसली. मग ‘स्पेस बॅटलशिप यामातो’ पाहायला घेतली, तर तिथली स्टारशा थेट मेतेलसारखी आणि युकी मोरी तिची धाकटी बहीण शोभेल अशी. एमेराल्दासचाही चेहरा तोच, फक्त केस लाल आणि गालावर व्रण. एवढंच कशाला, डाफ्ट पंकच्या गाण्यांवरचा ‘इंटरस्टेला ५५५५’ पाहिला, त्यातली निळ्या कांतीची स्टेलाही यांच्याच घरातली वाटली. या सगळ्या एकाच बाईची रूपं आहेत, एकमेकींच्या नात्यातल्या आहेत, की चित्रकाराला दुसरा चेहरा जमतच नव्हता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमची नजर चांगली आहे, कारण ही सगळी लेकरं खरोखरच एका हातची आहेत. हा हात जपानी चित्रकथाकार लेइजी मात्सुमोतो यांचा. तुमच्या तीन शक्यतांपैकी पहिल्या दोन थोड्या थोड्या खऱ्या आहेत. तिसरी मात्र साफ चुकीची आहे, म्हणून आधी तिचाच निकाल लावू.

मात्सुमोतोंना दुसरे चेहरे येत नव्हते असं म्हणणाऱ्याने ‘कॅप्टन हार्लॉक’मधलं आर्केडिया जहाज एकदा फिरून पाहावं. स्वयंपाकघरात सुरा उगारून उभी असलेली म्हातारी मासू, प्लॅस्टिकची विमानं जोडण्यात दंग असलेला गोलमटोल यात्तारान, बाटली आणि मांजर यांच्याशिवाय पान न हलणारा डॉक्टर झीरो. एकाचं नाक दुसऱ्याला लागू पडणार नाही. यामातोचा पांढऱ्या दाढीचा कप्तान ओकिता डोळे मिटूनही लक्षात राहतो. माणसं वेगवेगळी काढायची कला या माणसाच्या बोटांत होती. नायिका समोर आली की मात्र तो हात दर वेळी एकाच वाटेने जाई.

ती वाट पानावर नीट पाहण्यासारखी आहे. वरची पापणी जाड, जवळजवळ शाईचा पट्टाच. त्यातून बाहेरच्या बाजूला झुकलेले पापण्यांचे लांब केस, मोजके. बुबुळ मोठं, पण समोर रोखलेलं क्वचितच. बहुतेकदा खाली किंवा खिडकीबाहेर वळलेलं. नाक म्हणजे इवलीशी खूण, ओठ बारीक आणि मिटलेले, हनुवटी निमुळती. मानेपासून घोट्यापर्यंत सलग उतरत गेलेली रेघ. आणि केस! कंबरेच्या खाली जाणारे, वारा नसलेल्या आगगाडीच्या डब्यातही हलके लहरणारे. या बाया मोठ्याने हसत नाहीत, घाईने चालत नाहीत. त्यांच्या शेजारी उभा असतो एखादा बुटका, बसक्या चेहऱ्याचा, फाटक्या झग्यातला पोरगा. त्याच्यामुळे त्या आणखी उंच दिसतात.

ही रेघ आली कुठून? मात्सुमोतोंचा जन्म २५ जानेवारी १९३८चा, क्यूशू बेटावरच्या कुरुमे गावातला. शाळेत असतानाच, १९५४ साली, त्यांची पहिली चित्रकथा ‘मांगा शोनेन’ मासिकात छापून आली. पुढे पोट भरण्यासाठी त्यांनी बरीच वर्षं मुलींच्या मासिकांसाठी चित्रं काढली. मोठे डोळे, लांब पापण्या, वाहते केस हे त्या मासिकांचं रोजचं व्याकरण होतं. त्यांच्या पत्नी मियाको माकी याही मुलींच्या चित्रकथांमधल्या नावाजलेल्या चित्रकर्ती. जपानमध्ये घरोघरी असलेल्या रिका-चान या बाहुलीच्या रूपावर माकींच्या चित्रांचा ठसा आहे. मुलींच्या मासिकातली ती नाजूक रेघ मात्सुमोतोंनी नंतर अवकाशयानांच्या, तोफांच्या आणि मुलांच्या साप्ताहिकांच्या जगात नेली. त्या काळच्या मुलांच्या चित्रकथांमध्ये अशी स्त्री दुर्मीळ होती, म्हणून ती इतकी उठून दिसली.

चेहऱ्यामागे काही खऱ्या व्यक्तीही आहेत. १९५५ सालच्या ज्युलियाँ द्युविव्हिएच्या ‘मारियान’ या सिनेमाचं ऋण मात्सुमोतोंनी उघडपणे मानलं. वसतिशाळेत राहणारा मुलगा, तळ्यापलीकडचा वाडा आणि त्या वाड्यातली गूढ तरुणी अशी त्याची गोष्ट. मारियान होल्ड या नटीने ती तरुणी उभी केली होती. दुसरं नाव ताकाको कुसुमोतो यांचं. जर्मन वैद्य सीबोल्ट यांची ही नात, आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या जपानच्या पहिल्या स्त्रियांपैकी एक असलेल्या इने यांची मुलगी. ताकाकोंच्या जुन्या छायाचित्राशी मेतेल आणि स्टारशा यांच्या चेहऱ्याचं नातं खुद्द मात्सुमोतो सांगत. त्या छायाचित्रातली शांत, जराशी दूर गेलेली नजर पाहिली की ते पटतं.

आता कामाच्या रेट्याचा भाग. १९७७ साली ‘९९९’ साप्ताहिक ‘शोनेन किंग’मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी ‘हार्लॉक’ ‘प्ले कॉमिक’मध्ये. १९७८ साली त्यात ‘क्वीन एमेराल्दास’ची भर पडली आणि त्याच वर्षी पहिल्या दोन मालिका दूरचित्रवाणीवरही आल्या. एवढा पसारा डोक्यावर घेतलेला माणूस सरावाच्या रेघेकडे वळणारच. पण केवळ घाईचं कारण पुढे केलं तर या चेहऱ्यातली खरी गोष्ट हातून निसटते. मात्सुमोतोंनी या सारखेपणाला कथेतच कामाला लावलं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे.

‘९९९’ची सुरुवात आठवा. बर्फातून आई आणि मुलगा चाललेत. यंत्रदेह मिळवलेले श्रीमंत लोक माणसांची शिकार करतात, आणि काउंट मेका नावाचा सरदार आईला गोळी घालतो. मुलगा तेत्सुरो एकटा उरतो. त्यानंतर त्याच्यासमोर काळ्या कोटातली, काळ्या फरच्या टोपीतली एक स्त्री येते, आणि तिचा चेहरा आईचा असतो. ती त्याला ९९९ या अवकाशगाडीचा पास देते, अट एकच : मला बरोबर ने. पुढचा सगळा प्रवास, एकेक ग्रह, एकेक स्टेशन, हा पोरगा मेलेल्या आईच्या चेहऱ्यासमोर बसून करतो. १९७९च्या सिनेमात मेतेल शेवटाकडे कबूल करते की तिचा देह तेत्सुरोच्या आईच्या तरुणपणीच्या रूपावरून घडवलेला आहे. म्हणजे सारखेपणा हीच गोष्टीची जखम आहे. तेत्सुरोला मेतेलबद्दल जे वाटतं त्यातलं आईचं किती आणि तिचं स्वतःचं किती, हे त्यालाही उमगत नाही, आणि सिनेमा ते सोडवून दाखवायच्या फंदात पडत नाही. पोरक्या मुलाच्या मनाचं इतकं खरं चित्र मुलांसाठीच्या कथेत फार थोड्यांनी काढलं असेल.

‘यामातो’त हीच कल्पना त्याआधी, १९७४ साली, येऊन गेली होती. कोदाई आणि शिमा या दोन तरुणांना मंगळावर कोसळलेल्या यानाजवळ एका परग्रहवासी तरुणीचा मृतदेह सापडतो. ती स्टारशाची बहीण साशा. १,४८,००० प्रकाशवर्षांवरच्या इस्कांदारहून ती पृथ्वीसाठी निरोप घेऊन निघाली होती. दोघं पृथ्वीवर परततात तो रुग्णालयात युकी मोरी समोर येते, आणि दोघंही चमकतात, कारण चेहरा तोच. पाहणाऱ्याच्या मनात आलेली शंका पात्रांच्याच तोंडी घातली आहे. मूळ मालिका मात्र एवढ्यावरच थांबते, त्या साम्याचं पुढे फारसं काही करत नाही.

म्हणूनच २०१२-१३ची ‘यामातो २१९९’ ही नवी आवृत्ती मला महत्त्वाची वाटते. दिग्दर्शक युताका इझुबुची, पात्रांची नवी रूपं नोबुतेरू युकी यांची. मात्सुमोतो या कामात नव्हते. ‘यामातो’ कोणाची, यावरून त्यांचा आणि निर्माते योशिनोबु निशिझाकी यांचा वाद त्याआधीच कोर्टापर्यंत गेला होता. नव्या चित्रकाराने बायकांचे चेहरे मोकळे केले, जहाजावर अनेक तरुणी आणल्या आणि प्रत्येकीला वेगळी ठेवण दिली. आता सगळ्याच वेगळ्या दिसत असताना युकी मोरी आणि इस्कांदारची राजकन्या युरिशा या दोघीच सारख्या, हे लगेच डोळ्यांत भरतं. युकीला एका अपघातानंतर मागचं काही आठवत नाही, त्यामुळे ती परग्रहावरची तर नाही ना अशी कुजबुज जहाजावर चालते. पुढे शत्रूही तिला युरिशा समजून पळवून नेतो आणि राजकन्येच्या थाटात आपल्या लोकांपुढे उभी करतो. जुन्या मालिकेतली एका क्षणाची चमक घेऊन तिच्यावर कितीतरी भागांचं कथानक उभं केलं. रूपांतर करणाऱ्याने मूळ कृती मन लावून पाहिली की असं घडतं.

आता तुमचा नात्याचा प्रश्न. होय, पुढे नाती जोडली गेली. मेतेल ही यंत्रसाम्राज्याची राणी प्रोमेथियम हिची मुलगी, हे ‘९९९’मध्येच आहे. २०००च्या ‘मेतेल लेजंड’मध्ये मेतेल आणि एमेराल्दास या सख्ख्या बहिणी झाल्या. ‘क्वीन मिलेनिया’ ही कथा १९८०पासून सांकेई वृत्तपत्रात येत होती. तिची नायिका यायोई, आपली ओळख लपवून पृथ्वीवर राहणारी ला-मेताल ग्रहाची राणी, हीच पुढे प्रोमेथियम ठरली. म्हणजे यायोई आई आणि या दोघी तिच्या लेकी. काळ हे चाक आहे आणि दूरची टोकं कुठेतरी एकमेकांना भेटतात, अशी मात्सुमोतोंची धारणा होती. त्यामुळे आपल्या सगळ्या कथा एका विश्वात ओवायला त्यांना आवडे.

चाहत्यांना ही वंशावळ प्रिय आहे आणि त्यांचं प्रेम मी समजू शकतो. तरी मला ती कथेचं नुकसान करणारी वाटते. एमेराल्दास मेतेलची बहीण आहे म्हणून तिच्यासारखी दिसते, हे कळलं की प्रश्न मिटतो आणि त्याबरोबर कुतूहलही जातं. १९७९च्या सिनेमात दोघी आहेत, पण कुणी त्यांना बहिणी म्हणत नाही. एक काळ्या पोशाखात गाडीतून जाणारी, दुसरी लाल केसांची, स्वतःचं जहाज हाकणारी. एकच चेहरा दोन आयुष्यं जगताना दिसतो. ते न सांगितलेलं साम्य मनात जास्त काळ घोळतं.

नात्यांत न ओवताही एका चेहऱ्याने अनेक कथा चालवता येतात. मात्सुमोतोंच्या आधीच्या पिढीतल्या ओसामू तेझुका (१९२८-१९८९) यांनी आपली पात्रं नाटक कंपनीतल्या नटांसारखी वापरली. मिशाळ हिगेओयाजी एका कथेत गुप्तहेर, दुसरीत शिक्षक; चेहरा तोच, भूमिका नवी. तिथे वाचकाला आधीच ठाऊक असतं की हा नट आहे. मेतेल आणि स्टारशा यांच्या बाबतीत असा करार नाही, म्हणून तुम्हाला प्रश्न पडला.

मित्सुरू अदाची यांच्या बेसबॉलकथांच्या नायिकाही अशाच एकमेकींवर उतरलेल्या. ‘टच’ (१९८१-८६) मधली मिनामी ‘एच टू’मध्ये उभी केली तर पहिल्या झटक्यात कुणाला कळायचं नाही, आणि अदाची स्वतःच पानांवर यावरून विनोद करतात. पण ‘क्रॉस गेम’मध्ये (२००५-१०) त्यांनी हेच साम्य फार हळवेपणाने वापरलं. लहानपणी बुडून गेलेल्या वाकाबाच्या वस्तीत काही वर्षांनी आकाने नावाची मुलगी राहायला येते. वाकाबा जगली असती तर जशी दिसली असती, हुबेहूब तशी. वाकाबाची माणसं तिच्याकडे पाहतात तेव्हा त्यांचं काय होत असेल, ते अदाची संवादाशिवाय नुसत्या चेहऱ्यांतून दाखवतात. मेतेलची गोष्ट मनाला लागली असेल तर ‘क्रॉस गेम’ही जरूर वाचा.

राहिली रूपांतरं. पडद्यावर नेताना चेहरा सहज बदलता आला असता, आणि एक बदललाही : नायकाचा. चित्रकथेतला बसक्या नाकाचा, छोटासा तेत्सुरो १९७९च्या सिनेमात पंधरा वर्षांचा, बराच देखणा झाला. दिग्दर्शक रिंतारो, चित्रांची देखरेख काझुओ कोमात्सुबारा यांची. मेतेलला मात्र कुणी हात लावला नाही. उलट कोमात्सुबारांनी तिच्या पापण्यांची आणि केसांची लय पडद्यावर इतकी नेमकी उतरवली की पुष्कळ जणांच्या मनातली मेतेल ही त्यांच्या हातची आहे. तो सिनेमा त्या वर्षीच्या जपानी चित्रपटांत कमाईत पहिला आला.

पडद्याने आणखी एक गोष्ट दिली, आवाज. मालिकेत आणि १९७९च्या सिनेमात मेतेल बोलते मासाको इकेदा यांच्या आवाजात. जपानी भाषेतल्या ऑड्री हेपबर्नच्या सिनेमांना आवाज देणाऱ्या याच. सिनेमातल्या एमेराल्दासला रेइको ताजिमा यांचा खालच्या पट्टीतला, ठाम आवाज. पानावर दोघींमध्ये फरक शोधावा लागतो. पडद्यावर एका वाक्यात कळतं की ही वेगळी बाई आहे.

आणि तुमची निळी स्टेला. फ्रान्समध्ये ‘हार्लॉक’ मालिका ‘आल्बातोर’ या नावाने लागायची, आणि डाफ्ट पंकमधले दोघे ती पाहत मोठे झाले. २००३चा ‘इंटरस्टेला ५५५५’ त्यांनी मात्सुमोतोंच्याच देखरेखीखाली करवून घेतला. त्यांना तोच चेहरा हवा होता. कातडीचा रंग निळा केला, हातात बेस गिटार दिली. पापण्या, हनुवटी आणि खाली वळलेली नजर तशीच ठेवली.

प्रश्न : मी मूळ चित्रकथा वाचायला घेतल्या आहेत. त्या काळ्या-पांढऱ्या असल्यामुळे केसांचा रंगही कळत नाही. मग या नायिका वेगळ्या ओळखायच्या कशावरून? आणि सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, बडोदा

उत्तर : चेहऱ्याकडे पाहू नका, आधी कपडे पाहा. मेतेलची उंच काळी फरची टोपी आणि फरच्या काठाचा लांब कोट कधी चुकत नाही. एमेराल्दासच्या गालावर आडवा व्रण, अंगावर कवटीचं चिन्ह, कंबरेला पिस्तूल. स्टारशा लांब झग्यात, शस्त्राविना. युकीचे केस बाकीच्यांपेक्षा आखूड, टोकाशी बाहेर वळलेले, आणि अंगावर जहाजाचा घट्ट गणवेश. मात्सुमोतोंनी वेगळेपणाचं सगळं काम पोशाखावर सोपवलं होतं, त्यामुळे तो त्यांनी फार विचाराने काढला.

याची परीक्षा पाहायची असेल तर जपानमधलं त्सुरुगा गाव गाठा. तिथे स्टेशनपासून केही देवळापर्यंतच्या रस्त्यावर ‘यामातो’ आणि ‘९९९’मधल्या पात्रांचे २८ ब्राँझचे पुतळे आहेत, बंदराच्या शताब्दीनिमित्त १९९९ साली बसवलेले. धातूला ना केसांचा रंग, ना कांतीचा. तरीही टोपी, कोट आणि उभं राहण्याची ढब यांवरून माणूस ओळखू येतं. मात्सुमोतोंचं बालपण ज्या भागात गेलं तिथल्या कोकुरा स्टेशनाबाहेरही मेतेल आणि तेत्सुरो बाकावर बसलेले आहेत. त्यांच्या शेजारी बसून लोक फोटो काढून घेतात.

सुरुवात ‘९९९’च्या चित्रकथेपासून करा आणि १९७९चा सिनेमा त्यानंतर पाहा. सिनेमा आधी पाहिलात तर मेतेलचं गुपित अगोदरच कळेल आणि एकेका ग्रहावर मुक्काम करत पुढे जाणाऱ्या लहान लहान गोष्टींची मजा जाईल; त्या गोष्टी हाच ‘९९९’चा आत्मा आहे. दूरचित्रवाणीची मालिका ११३ भागांची आहे, ती सवडीने पाहावी. ‘यामातो’चे मूळ पहिले दोन भाग पाहून मग ‘२१९९’कडे वळलात, तर युकीच्या चेहऱ्याचं पुढे काय केलं ते आपोआप लक्षात येईल. ‘मेतेल लेजंड’ सगळ्यांत शेवटी ठेवा.